मावशीची बुरशी, माझा दोरा

४ तारीख, सोमवार

मावशीने हे रजिस्टर दिलं ते खोलीचं तापमान लिहायला. दिवसातून सहा वेळा, वेळ घालून, सही करून. ते मी पुढच्या पानापासून लिहितोय. मागची पानं नाहीतरी कोरीच राहणार, म्हणून रजिस्टर उलटं धरून इकडून माझं स्वतःचं सुरू केलंय. पुढून शास्त्र, मागून मी.

हे माझं आठवं काम. बेकरीत पहाटे उठवायचे. बोटीवर तिकिटं फाडायचं काम छान होतं, पण मला बोट लागते हे तिसऱ्या दिवशी कळलं. घड्याळवाल्याकडे मी एक घड्याळ उघडलं होतं, ते अजून उघडंच आहे. बाकीच्यांचं पुन्हा कधीतरी. शेवटी आई मावशीला फोनवर म्हणाली, "तू नाहीतरी बुरशी सांभाळतेस. त्यात हा एक." मावशी मला भिंगऱ्या म्हणते. पायाला भिंगरी, म्हणून.

तर मावशी बुरशी वाढवते. मुद्दाम. लोक ज्यासाठी पाव फेकून देतात त्याची हिच्याकडे शेड आहे. कोंडा आणि बारीक कापलेला पेंढा भिजवायचा, वाफवायचा, गार करायचा, त्यावर बुरशीचं विरजण शिंपडायचं आणि ट्रेमध्ये पसरून सहा दिवस उबेच्या खोलीत ठेवायचं. खोलीचं दार बंद, आत दमट, पाय धुतल्याशिवाय प्रवेश नाही. तिला सगळे बाळंतिणीची खोली म्हणतात.

बुरशीला पेंढा खायचा असतो, पण तोंड नाही, दात नाहीत. मग ती पाचक रस बाहेर सोडते, जेवण बाहेरच पचवते आणि तयार झालं की आत ओढते. "आपण जेवतो मग पचवतो. ती पचवते मग जेवते," मावशी म्हणाली. "त्या रसात एन्झाइम असतं. आपल्याला बुरशी नको, तिची लाळ हवी."

सात ठिकाणी नोकरी केली, पण लाळ विकणारं दुकान हे पहिलंच.

रस गाळायला मी समोरचं सुती फडकं उचललं. मावशीने ते हातातून काढून घेतलं. म्हणाली, "सूत म्हणजे काय? झाडच. पेंढ्याचं सख्खं भावंड. हा रस तुझं गाळणंच खाईल. गाळायला नायलॉन. नायलॉन, पॉलिएस्टर, असल्या कारखान्यात जन्मलेल्या कापडाला तो तोंड लावत नाही."

लिहून ठेवलं, म्हणजे लक्षात राहील.

७ तारीख, गुरुवार

आज एक घाणा निघाला. एका खेपेला लावलेल्या मालाला इथे घाणा म्हणतात. रस काढला, चहासारखा दिसतो, वास भिजलेल्या लाकडाचा.

मग परीक्षा. मावशीकडे पूर्वी त्यासाठी यंत्र होतं, ते बिघडलं आणि दुरुस्त करणारा देश सोडून गेला. आता दोरा आहे. उंच ग्लासात रस घालायचा, ग्लास गरम पाण्यात ठेवायचा, वर आकड्याला रिळातला दोरा बांधून त्याच्या टोकाला एक लोखंडी नट, तो रसात सोडायचा. रसात दम असेल तर दोरा खाल्ला जातो आणि नट तळाला आपटतो. चार तासांच्या आत पडला तर माल पास. आज तीन तास दहा मिनिटांत पडला. टुक्. इतका बारीक आवाज, पण शेडच्या दुसऱ्या टोकाला वाफेच्या भांड्याशी बोलत बसलेल्या बॉयलरबुवांनी मान वर केली. ते माणसांचं काही ऐकत नाहीत, नट मात्र ऐकू येतो.

"यंत्र खोटं बोलायचं," मावशी म्हणाली. "दोरा खोटं बोलत नाही."

मी विचारलं, हे विरजण मुळात आलं कुठून? तर म्हणाली, "तुझ्या काकांच्या बुटातून."

काका जाऊन अकरा वर्षं झाली. कॅनव्हासचे बूट घालून सतत हिंडत असायचे, घरी कमी, रस्त्यावर जास्त. ते गेल्यावर बूट मोरीच्या कोपऱ्यात पडून राहिले. एके दिवशी मावशीने पाहिलं तर कापड हिरवं होऊन पार खाल्लेलं. रबरी तळ आणि नायलॉनची शिलाई तेवढी शिल्लक. दुसऱ्या कुणी नाक दाबून फेकले असते. मावशी तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती, तिने सुईने खरवडून नळीत लावलं. अजून फ्रिजमध्ये लोण्याच्या शेजारी बारा नळ्या उभ्या आहेत. प्रत्येकीवर लेबल: बूट.

मी म्हटलं, "म्हणजे काका फ्रिजमध्ये असतात."

बॉयलरबुवांनी माझ्या पायावर पाय दिला. मावशी मात्र हसली. "जिवंतपणी घरात इतके कधी टिकले नव्हते," म्हणाली.

१० तारीख, रविवार

आज धुलाईवाला आला होता. त्याचा धंदा असा, की नव्या जीन्स घ्यायच्या आणि जुन्या दिसतील अशा धुवायच्या. मी म्हटलं, माझ्याकडे जुन्या आहेत, नव्या दिसतील अशा धुवून द्या. त्याला विनोद कळला नाही किंवा रोज ऐकतो.

तो यंत्रात पँटींबरोबर दगड घालतो. दगडांनी यंत्र फुटतं, खिशात खडे राहतात आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं. मावशीचं म्हणणं, दगड काढा, माझा रस घाला, तो वरवरचे तंतू खाईल आणि तसाच विटका रंग येईल. तो म्हणाला, "बाई, सव्वीस तारखेला तुमच्यासमोर वीस पँटी धुतो. जमलं तर दगड बंद, कायमचे तुमचे. नाही जमलं तर पुन्हा माझ्या दारात ही बाटली घेऊन यायचं नाही."

तो गेल्यावर मावशी खिडकीची काच पुसत बसली. काच स्वच्छ होती. मग म्हणाली, "भिंगऱ्या, यावेळी नाही झालं तर शेड बंद करायची. शेतावर पेंढा कुजवायला रस नेणारे आहेत, पण त्यांचं वर्षातून एकदा. तेवढ्यावर शेड चालत नाही. माझंही वय झालं."

बॉयलरबुवा भांड्याला म्हणाले, "ऐकलंस?"

१२ तारीख, मंगळवार

परीक्षेचा दोरा संपला, नमुन्यापुरता वीतभर राहिला. मावशीने लाकडी रीळ हातात दिलं. "अगदी असाच आण. चौकातल्या सुतवाल्याकडे मिळतो. दुसरीकडे जाऊ नकोस. वाटेत थांबू नकोस."

पहिलं ऐकलं असतं, पण दुसऱ्याने घात केला. वाटेत तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून क्रेनने सोफा आत घालत होते. आता असं काही चाललं असताना माणूस थांबणार नाही तर काय? सोफा एक वीत मोठा होता. खाली उभे असलेले आम्ही अकरा जण, प्रत्येकाचं मत वेगळं. मी सांगितलं, पाय काढा. कुणी ऐकलं नाही. दोन तासांनी पाय काढले. तोवर सुतवाला बंद करून जेवायला गेला होता.

शेजारी शिलाईयंत्र दुरुस्त करणारा होता, त्याच्याकडे दोरा होता. मी रीळ दाखवलं. म्हणाला, "दिसायला अगदी तसाच आहे बघ, आणि त्याच्यापेक्षा शंभर पट चांगला. सूत काय, आज आहे उद्या नाही. हा पॉलिएस्टर. तू मरशील, हा तुटायचा नाही."

घेतला. परत येताना सोफ्याचे पाय लावत होते.

१३ तारीख, बुधवार

नवा दोरा प्लास्टिकच्या नळीवर होता. मावशीने पाहिलं असतं तर विचारलं असतं, सुतवाल्याकडे का गेला नाहीस, मग सोफा निघाला असता. म्हणून बसून सगळाच्या सगळा दोरा जुन्या लाकडी रिळावर गुंडाळला. एक तास लागला. इतकं सुबक काम मी आयुष्यात केलं नव्हतं. मावशीने रीळ पाहिलं, म्हणाली, "अगदी तसाच आणलास. शाबास." मला खरंच बरं वाटलं.

रिळावरचा थोडा दोरा काढून माझ्या कॅनव्हासच्या पिशवीचे बंद आणि बूड शिवून काढलं. रजिस्टरला पेन बांधायलाही तोच वापरला. चांगली वस्तू असली की कामं सुचतात.

१५ तारीख, शुक्रवार

नवा घाणा. रस काढला, नट सोडला. चार तास. पाच. सात. नट लोंबतोय.

मावशीने दोऱ्याला बोट लावून पाहिलं, तारेसारखा. बॉयलरबुवांना म्हणाली, "वाफ कमी पडली का?" बुवा अपमान झाल्यासारखे भांड्याकडे बघत राहिले. दहा वर्षांत त्यांची वाफ कमी पडलेली नाही.

मग माझ्याकडे. "पाय धुवून जात होतास ना?"

हो म्हटलं. बहुतेक वेळा धुतलेच होते.

तो रस मोरीत ओतायला सांगितला. मोरीत बादलीत माझे बनियन भिजत होते, त्याच बादलीत गेला अर्धा. कोण परत उचलणार. पिळून उरलेला कोंडा मागच्या ढिगावर टाकायचा होता, पोती सापडेनात, म्हणून माझ्या पिशवीतून चार खेपा केल्या. नंतर पिशवी झटकली.

१६ तारीख, शनिवार

बनियन बादलीतून काढले तर मासे धरायची जाळी. एकाची शिवण हातात आली, बनियन बादलीत राहिला. इथला साबण भयंकर आहे. मावशीला सांगणार होतो, पण तिचा चेहरा पाहून म्हटलं, हिला आधीच काय कमी आहे.

१८ तारीख, सोमवार

दुसरा घाणा. धुलाईवाल्यासाठी म्हणून याला लावतानाच विरजण दुप्पट घातलं होतं. नट पडला नाही.

मावशीने रजिस्टर मागितलं. मी ते पुढची बाजू वर करून दिलं. ती पुढून वाचत गेली, प्रत्येक तापमान, प्रत्येक सही, चष्मा वर करून, खाली करून. तीनदा वाचलं. उलटं करून बघितलं नाही, ही देवाची कृपा. मागच्या बाजूला तिच्याबद्दल दोन ठिकाणी लिहिलंय आणि बुवांबद्दल चार.

"तापमान बरोबर आहे," ती म्हणाली. "ओल बरोबर आहे. मग राहिलं काय?"

राहिलं विरजण. बुरशी सारखी एका नळीतून दुसरीत लावत राहिलं की कधीकधी तिचा वाण उतरतो, असं तिने समजावलं. दिसायला तीच, वाढते तशीच, पण रस सोडत नाही. "अकरा वर्षं ओढलं," म्हणाली. "कुणीही थकेल."

ती हे बोलली तेव्हा फ्रिजचं दार उघडं होतं. बराच वेळ उघडं होतं. लोणी मऊ पडलं.

२० तारीख, बुधवार

शेडमागे रोपवाली राहते. फुलझाडांची आणि भाज्यांची रोपं विकते, आमचा ढीग तिच्या कुंपणाला लागून आहे. आज कुंपणावरून हाक मारली, "ए भिंगरी, तुमच्या ढिगाला झालंय काय?"

"का, वास येतो?"

"वास नाही रे. गेल्या शुक्रवारी माझ्या खांद्याला लागत होता. मी सुकी देठं, पुठ्ठे, सगळं टाकलं त्यात. आज बघ, गुडघ्यापर्यंत आलाय. खाली काळीभोर माती. हात घाल, हात भाजतो."

घातला. खरंच भाजतो. तिने तीन टोपल्या भरून नेल्या आणि मला टोमॅटोचं एक रोप दिलं. म्हणाली, "हे तरी फळ येईपर्यंत थांबून बघ." आता रोपाकडे बघत कोण थांबतं? पण तिच्या बोलण्यात काहीतरी टोमणा होता, तो मला नीट सापडला नाही. रोप खिडकीत ठेवलंय.

मावशीने नवे घाणे लावणं थांबवलं. आत आहेत तेवढे काढायचे आणि बस.

२३ तारीख, शनिवार

शेवटचे दोन घाणे. मावशीने शेवटचा डाव टाकला. पहिल्याचा रस काढला, त्याच रसात दुसरा घाणा भिजवला, पुन्हा पिळला. काळा कुट्ट, काढ्यासारखा. टिकावा म्हणून भरपूर मीठ घातलं आणि कॅनमध्ये भरला. नट सोडला.

आम्ही तिघं स्टुलांवर बसून नटाकडे बघत होतो. बुवांनी भांड्याखालची आच बंद केली, आवाज नको म्हणून. दहा तास.

नट चित्रात रंगवल्यासारखा लोंबत होता.

"हे धुलाईवाल्याला नेऊन काय सांगू?" मावशी म्हणाली. "पँटींवर शिंपडा आणि प्रार्थना करा?"

मी म्हटलं, "वाटलं तर एकदा नेऊन बघू."

"भिंगऱ्या, जो माल माझ्या दोऱ्यावर पास नाही तो मी कुणाच्या दारात नेत नाही. तो दोरा सोडला तर माझ्याकडे काय आहे?"

२४ तारीख, रविवार

बाळंतिणीची खोली ब्लीचने धुतली. ट्रे उन्हात. शेड इतकी स्वच्छ दिसतेय की बसवत नाही.

मावशी बुवांना म्हणाली, "उद्या सकाळी नळ्या वाफेत घाला. सगळ्या."

बुवा पहिल्यांदा माणसाशी बोलले. "बाई, एक तरी ठेवा."

"मेलेलं विरजण घरात ठेवलं की माणूस आशेवर राहतो, बुवा."

मग बुवांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा आला आणि हे सुरू झालं." आणि मावशी काय म्हणाली असेल? म्हणाली, "त्याच्यावर ढकलू नका. त्याने एकच काम नीट केलं या महिन्यात, दोरा आणला."

मी मोरीत जाऊन उगाच पाय धुतले.

२५ तारीख, सोमवार, बसस्टँड

निघालो. बुवांचंच बरोबर आहे. मी बेकरी सोडली त्यानंतर महिन्याभरात ती बंद पडली. घड्याळवाला आता फक्त पट्टे विकतो. काही माणसांचा पायगुण असतो, माझे दोन्ही पाय तसले. शिवाय त्या नळ्या भांड्यात जाताना मला बघायच्या नव्हत्या.

चिठ्ठी लिहायचा विचार होता, पण पेन या रजिस्टरला बांधलेलं, दोरा तुटेना, म्हणून रजिस्टरच घेऊन आलोय. पोस्टाने पाठवीन. रोप खिडकीतच राहिलं.

बसला अजून वीस मिनिटं आहेत. एक माणूस पोपटाला पिंजऱ्यातून

त्याच दिवशी, नंतर

वाक्य अर्धं राहिलं कारण पिशवी उचलली आणि बूड खाली राहिलं. कपडे, टूथब्रश, सगळं फलाटावर. आधी वाटलं शिवण उसवली. शिवण कुठली उसवायला? शिवण जागच्या जागी. माझे टाके शिडीसारखे हवेत उभे, आणि आजूबाजूचं कापडच नाही. चिमटीत धरलं तर कॅनव्हास भिजलेल्या बिस्किटासारखा येतो. आतून सगळं हिरवं, मखमली.

पोपटवाला म्हणाला, "तुझी पिशवी कुणीतरी खाल्लीय."

मी तिथेच बसलो. खाल्लीय. कापड खाल्लंय आणि दोरा सोडलाय. बूट. काकांचा बूट. रबरी तळ आणि शिलाई. बनियन. साबण बिचारा. मग रजिस्टर मागून उघडलं आणि वाचत गेलो, चार तारीख, बारा तारीख, तेरा. माझ्याच अक्षरात. 'तू मरशील, हा तुटायचा नाही.'

इतका गाढव माणूस स्वतःच्या हाताने इतकं स्वच्छ लिहून ठेवतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

बस आली. उघड्या दारातून कंडक्टर म्हणाला, चढतोस का? खरं सांगायचं तर एक पाय टाकला होता. नेहमी टाकतो. सव्वीस तारीख उद्या होती, आणि नळ्या आज सकाळी. पाय काढला. कपडे काखेत, पिशवीची शिडी गळ्यात, रजिस्टर डोक्यावर, असा पळत सुटलो. वाटेत एक मिरवणूक होती, हत्तीची होती की काय देव जाणे, थांबलो नाही.

शेडमध्ये पोहोचलो तर बुवा भांड्याचं झाकण उघडत होते. वाफ. आत बारा नळ्या. शिजलेल्या.

मावशी स्टुलावर बसली होती. मला बघून म्हणाली, "गेला होतास वाटतं. पेन दिसलं नाही म्हणून कळलं."

मी रजिस्टर उलटं धरून तिच्या मांडीवर ठेवलं आणि बारा तारखेवर बोट ठेवलं.

तिने वाचलं. सोफ्याचं पण वाचलं. मग पान उलटून तेरा तारीख वाचली. बुवांच्या हातातलं झाकण तसंच वर.

"सूत म्हणजे काय, ते चार तारखेला मी तुला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"लिहून ठेवलंय," मी म्हटलं.

मला वाटलं आता थोबाडीत बसणार. ती उठली, टॉवेलच्या दशीतून एक धागा ओढून काढला, दातांनी तोडला, शनिवारच्या काळ्या रसाचा ग्लास भरला आणि नट बांधला. आम्ही बसायच्या आत, म्हणजे खरोखर स्टूल ओढेपर्यंत नाही, पण चहा उकळेपर्यंत, टुक्.

अठरा मिनिटं.

बुवा भांड्याला म्हणाले, "अरे देवा." मावशीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. नळ्यांकडे मात्र तिने पाहिलं नाही.

२६ तारीख, मंगळवार

धुलाईवाल्याने वीस पँटी यंत्रात घातल्या. मावशी म्हणाली, माल जरा कडक झालाय, एकच कप घाला. त्याने तीन घातले. आजवर त्याला भेटलेले सगळे बाटलीवाले पाणी विकणारे असावेत.

पाऊण तासाने दार उघडलं. त्याने हात घातला आणि एक चेन बाहेर काढली. नुसती चेन. मग खिशाची शिलाई, मग कंबरेचं लेबल. पँटीची हाडं म्हणा. बाकी यंत्राच्या तळाशी निळी पेज.

मी दाराकडे सरकलो, सवयीने. मावशीने न बघता माझी कॉलर धरली.

धुलाईवाल्याने पेज बोटावर घेतली, चोळली, वास घेतला. "बाई," तो म्हणाला, "हे पाण्यात किती पातळ करायचं?"

दुसऱ्या वीस पँटींना पाव कप घातला. बाहेर आल्या त्या अशा विटक्या, जणू दहा वर्षं कुणीतरी वापरून, प्रेमभंग होऊन, सोडून दिलेल्या. त्याने एक स्वतःच्या अंगाला लावून आरशात पाहिली. मग आपल्या माणसाला म्हणाला, "ते दगड बाहेर नेऊन टाक." पुढच्या महिन्यापासून दर आठवड्याला चार कॅन.

परत येताना मावशी बोटांवर हिशेब करत होती. काम मिळालं, आणि कॅनमध्ये आहे तेवढाच रस आहे. मिठात काही जिवंत राहत नाही. नळ्या शिजलेल्या, खोली धुतलेली. मागच्या ढिगात आता शंभर तऱ्हेच्या बुरशा, त्यातून आपली निवडणार कशी.

"दुसरं विरजण विकत मिळतं का?" मी विचारलं.

"मिळतं," ती म्हणाली. एवढंच.

२७ तारीख, बुधवार

पिशवी टाकून द्यायला निघालो होतो. मावशी म्हणाली, "ती इकडे आण."

तिने ती टेबलावर पसरली. भिंग घेतलं. आतल्या हिरव्या मखमलीवरून सुई फिरवत राहिली, जशी माणसं जुन्या पत्रावरून बोट फिरवतात. मी सांगितलं, पंधरा तारखेला यातूनच कोंडा वाहिला, चार खेपा, नंतर झटकली.

"नीट झटकलीस का?"

"नाही."

"देव तुझं भलं करो," ती म्हणाली आणि सुईने खरवडायला लागली. आठ नळ्या लावल्या. म्हणाली, एक तरी शुद्ध निघेल. बुवा येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, मला, भांड्याला नाही, "पाय धुतलेस का?"

धुतले होते.

११ तारीख, गुरुवार

आठपैकी दोन नळ्या चांगल्या निघाल्या. त्यांचं विरजण करून मावशीने पाच तारखेला छोटा घाणा लावला, आज काढला. रस चहासारखा, वास भिजलेल्या लाकडाचा. मी सुतवाल्याकडून सुती दोरा आणलाय. बुवा बरोबर आले होते, दंडाला धरून. वाटेत गटारात पडलेली हातगाडी काढत होते, तिकडे मान वळवू दिली नाही.

तीन तास पाच मिनिटं. टुक्.

मावशीने नवी लेबलं लिहिली. मला वाटलं 'पिशवी' लिहील. तिने पहिल्यासारखंच लिहिलं: बूट. मी म्हटलं, अगं पण पिशवी माझी होती. म्हणाली, "खाणारा तोच आहे."

फ्रिजमध्ये लोण्याच्या शेजारी ठेवल्या. टोमॅटोला एक पिवळं फूल आलंय. कुंपणावरून रोपवालीला दाखवलं तर म्हणाली, "अजून इथेच?" म्हटलं, हो, पिशवीच नाही तर जाणार कशात.

मावशी आतून ऐकत होती. म्हणाली, "नवी घेशील ती सुतीच घे."

नायलॉनची जास्त टिकते. पण सध्या तिच्याशी वाद घालायची माझी पत नाही, म्हणून हो म्हटलं.